स्वल्पकाकांचा एकहाती खेळ

स्वल्पकाकांच्या तोंडी कुठलीच गोष्ट पूर्ण नसायची. स्कूटर बंद पडली तर ती "स्वल्प बंद" असायची, छत धो धो गळत असलं तर "स्वल्प पाझरतंय", आणि कोपऱ्यावरच्या घरातले त्यांचे पत्त्यांचे भिडू वारले तेव्हा मला जिन्यात गाठून ते म्हणाले, "अगं, त्यांची तब्येत स्वल्प संपली." कन्नडात स्वल्प म्हणजे थोडं. आपण मराठीत तो शब्द विरामाला लावून मोकळे होतो; काकांनी तो उभ्या आयुष्याला लावला होता. काकूंच्या किडन्या बसल्या त्या दिवशी मला ऑफिसात त्यांचा फोन आला. "हिच्या किडन्या स्वल्प थकल्यात म्हणतात. येताना दूध आण." मी दूध घेऊन आले तर दाराला कुलूप, आणि शेजारच्या बाई फाटकापाशी डोळे पुसत उभ्या. तेव्हापासून त्यांच्या तोंडून स्वल्प ऐकलं की मी आधी चपला पायात घालायचे.

मी मूळची पुण्याची. नोकरीसाठी बंगळुरात आले आणि सर्जापूर रोडवरच्या एका टोलेजंग इमारतीत बरेच महिने शेजाऱ्याचं तोंडही न बघता काढले. मग एकदा इंदिरानगरात रस्त्याच्या कडेला उभी राहून फोनवर आईशी तावातावाने भांडत होते, तर मागून आवाज आला, "स्वल्प हळू भांड की, अक्का. मराठी माणसं राहतात इथे." मी अशी काही वळले की दुसरा कुणी असता तर पळाला असता. हे उभेच. हातात भोपळ्याची फोड, नाकावर घसरलेला चष्मा. त्यांनी त्याच पावली मला घरी नेऊन वरच्या दोन खोल्या दाखवल्या आणि मी तिथे राहायला गेले. त्यांचं घराणं कैक पिढ्यांपूर्वी इकडे आलेलं. "आम्ही घोड्यावरनं आलो, तू विमानातनं आलीस," म्हणायचे, "पण अडकलो दोघंही, सरी ना?" स्वल्पकाका हे नाव मीच ठेवलं आणि ते त्यांना मनापासून आवडलं.

नोकरीत असताना ते एका सरकारी कारखान्यात तपासणी विभागात होते. वस्तू नापास करणं हाच धंदा. एरवी सगळं स्वल्प असणारा हा माणूस हातात स्क्रूड्रायव्हर आला की भलताच कडक व्हायचा. "चुकलं की चुकलं म्हणायचं," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. माझ्या खोलीतला पंखा घरघरायला लागला तेव्हा मी म्हटलं, राहू दे काका, चालतोय ना. तर म्हणाले, "चालतोय आणि बरोबर चालतोय यात फरक आहे, अक्का. आमच्याकडे चालतोय म्हणणाऱ्याला घरी पाठवायचे." आणि भर दुपारी स्टुलावर चढून पंखा उतरवलाच.

फक्त एका माणसाच्या चुका त्यांनी कधी काढल्या नाहीत. काकू वाईच्या. लग्न होऊन इकडे आल्या, डोक्यावरचे केस पांढरे झाले, पण कन्नड काही त्यांच्या जिभेवर बसलं नाही. कानाला ऐकू येईल त्या कन्नडाचं त्या मराठी करून टाकायच्या. दूधवाला सकाळी दारात "हालू!" असं ओरडायचा. हालू म्हणजे दूध. काकूंना वाटायचं, तो विचारतोय, आता हालू का इथून? त्या आतून ओरडायच्या, "हालू नकोस रे बाबा, पातेलं आणते!" शेजारच्या बाईंनी पहिल्यांदा प्रेमाने विचारलं, "ऊटा आयता?" जेवलात का, एवढंच त्या माउलीला विचारायचं होतं. काकूंनी ऐकलं, ऊठ आता. त्या ताडकन उठून घरी आल्या आणि आठवडाभर त्या घराकडे फिरकल्या नाहीत.

हे किस्से काका डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसून सांगायचे आणि काकू लटक्या रागाने बघत राहायच्या. मी एकदा विचारलं, "मग तुम्ही कधी सांगितलं नाहीत त्यांना, हालू म्हणजे काय ते?" काका म्हणाले, "कशाला? पातेलं येतंय, दूध मिळतंय. चाललंय ना? मग साकु." साकु म्हणजे पुरे. चालतोय म्हणणाऱ्याला घरी पाठवणारा माणूस बायकोच्या बाबतीत मात्र चाललंय यावर खूश होता. मला तेव्हा ते फार गोड वाटलं होतं.

डायलिसिस सुरू झालं आणि घराचा नूरच पालटला. आठवड्यातून तीन सकाळी डायलिसिस केंद्रात काकूंना खुर्चीत निजवायचे. डाव्या हातात दोन जाड सुया, तो हात हलवायचा नाही. नातेवाइकांनी बाहेर बसायचं. चार तास छताकडे बघत काकू आत आणि भिंतीकडे बघत काका बाहेर. परतताना गाडी मी चालवत असले तर काकू मागून म्हणायच्या, "उद्यापासून नाही गं येणार मी. कंटाळा आलाय." त्या हे सहज बोलायच्या. आरशात मला काकांचा चेहरा दिसायचा, आणि त्यांना ते सहज वाटत नाही हे कळायचं. आमच्या ओळखीत एका आजोबांनी असंच कंटाळून जाणं सोडलं होतं, आणि पंधरवडाही निघाला नव्हता.

काकूंचा एक जुना षोक होता. मुलगी लहान असताना काकांनी घरी टीव्हीला जोडायचा व्हिडिओ गेम आणला होता. मुलगी दोन दिवस खेळून विसरली, काकू विसरल्या नाहीत. त्यातला विटा फोडायचा खेळ त्यांचा. वर विटांची भिंत, खाली डावी-उजवीकडे सरकणारी फळी, आणि मधे चेंडू. चेंडू खाली पडू द्यायचा नाही, बस. कुकरच्या शिट्ट्या मोजत त्या खेळायच्या आणि काका शेजारी बसून नुसते बघायचे. मी काकूंना माझ्या फोनवर तसलाच खेळ घालून दिला. त्यांनी दोनदा बोट फिरवलं आणि फोन परत केला. गार पडलेलं बोट काचेला कळतच नव्हतं. "बटण दाबलं की दाबल्यासारखं वाटायला हवं," त्या म्हणाल्या. "हे काय, काच पुसायची?"

मग काका कामाला लागले. माळ्यावरचा जुना गेम उतरवला, एस. पी. रोडच्या मागच्या गल्ल्यांतल्या गुजरीवाल्यांकडून, म्हणजे भंगारवाल्यांकडून, तसलेच आणखी गोळा केले. जेवणाचं टेबल गेलं. त्यावर कवच फोडलेल्या यंत्रांचे हिरवे बोर्ड, कुणाच्या तरी गाडीचा मागचं दाखवणारा छोटा पडदा, जुन्या लॅपटॉपमधून काढलेल्या बॅटऱ्या. टीव्हीपुढे बसून खेळायचं सबंध यंत्र त्यांना एका हातात मावेल असं करायचं होतं. त्यासाठी बोर्डाच्या रिकाम्या कडा करवतीने कापायच्या. एक रेघ जास्त आत गेली की बोर्ड मेला. "एक जगवायला दोन मारायला लागतात," ते करवत पुसत म्हणाले. मला ते वाक्य काही बरं वाटलं नाही.

पण यंत्र झालं! डावा हात बांधलेला, म्हणून सगळं उजव्या हातात. अंगठ्याखाली झोक्यासारखं एक बटण, डावीकडे दाबलं की फळी डावीकडे, उजवीकडे दाबलं की उजवीकडे. कवचाला प्रवासातली साबणाची डबी. पहिल्या दिवशी काकू बाहेर आल्या त्या तरातरा. "अहो, शेवटची वीट राहिली होती आणि त्या मुलीने सुया काढल्या! परवा लवकर निघू या." काका तसेच वळले, स्वच्छतागृहात गेले आणि बराच वेळ आलेच नाहीत.

त्यानंतर काकू वाळत गेल्या. केंद्रात आत जाताना आणि बाहेर येताना त्यांना काट्यावर उभं करायचे, आणि काटा दर खेपेला स्वल्प खाली. हातातली ताकदही तशीच उतरली. "जड होतंय हो," एकदा त्या म्हणाल्या. काकांनी यंत्र पुन्हा उघडलं, बोर्डाची आणखी एक पट्टी उडवली, पडद्याची चौकट काढली. महिन्याभराने पुन्हा जड झालं. पुन्हा करवत. मला त्या टेबलाकडे बघवेना. बाई झिजतेय म्हणून यंत्र झिजवायचं, आणि दोन्हींत आता काढण्यासारखं काही उरत नव्हतं. एका सकाळी करवत रेघेच्या आत गेली आणि बोर्ड मेला. दुसराही तसाच गेला. शेवटी एकच उरला, आणि एस. पी. रोडवर तसले मिळेनासे झाले. काका म्हणाले, "आता बोर्डातनं नाही काढायचं. बॅटरीतनं काढू."

जाड बॅटरीच्या जागी त्यांनी जुन्या फोनमधली चपटी, चंदेरी बॅटरी घातली. जागा एवढी कमी की ती बोर्डाच्या पाठीलाच चिकटवावी लागली. यंत्र पाखरासारखं हलकं झालं. काकू ते आता घरीही हातातून सोडेनात. शालीत घेऊन बसायच्या, शालीत घेऊन झोपायच्या. आणि एक दिवस डायलिसिसहून आल्यावर खुशीत म्हणाल्या, "सिस्टर पण म्हणाली, याला ऊब आहे म्हणून. खरंच आहे हो. माझे हात किती गार पडतात, याला धरलं की बरं वाटतं." काका खुलले. यंत्र चालताना थोडं तापायचंच. "बघ अक्का," मला म्हणाले, "खेळाबरोबर शेगडी फुकट!" आम्ही तिघंही हसलो.

पुढच्या आठवड्यात डबीचं झाकण एका बाजूने उचललेलं मला दिसलं. मी म्हटलं, "काका, हे बसत नाहीये नीट." त्यांनी डोळ्यांजवळ नेऊन पाहिलं. एका डोळ्यात मोतीबिंदू पिकलेला. "स्क्रूचा आटा स्वल्प झिजलाय." त्यांनी स्क्रूड्रायव्हर उचलला आणि काकू कळवळल्या, "उघडू नका हो आता! मागच्या खेपेला उघडलंत आणि गेलं. चाललंय ना? मग साकु." त्यांचंच वाक्य त्यांच्या अंगावर आलं. शेवटचा बोर्ड होता. उघडताना एक तार तुटली असती तर खेळ संपला, आणि खेळ संपला की काकूंचं जाणं संपलं. एवढं त्या खोलीत आम्हा सगळ्यांना माहीत होतं. काकांनी स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला, भाजीच्या जुडीचं रबरबँड काढून डबीला चढवलं, आणि वर तपासणी विभागाच्या थाटात म्हणाले, "पास."

थंडीचे दिवस होते. रविवारी सकाळी अंगणाच्या दारात बसून काका आणि मी अवरेकाळू सोलत होतो, म्हणजे आपल्या वालाच्या शेंगा. काकू आत पलंगावर, शालीखाली यंत्राचं टुक टुक चाललेलं. त्या आपल्याच नादात बोलत होत्या, "ती सिस्टर मोठी गोड आहे हो. दर खेपेला याला हात लावून बघते आणि म्हणते, अज्जी, उब्बिदे, उब्बिदे. परवा तर डोळे मोठे करून म्हणाली. मी म्हटलं, हो गं बाई, ऊब तर आहेच."

काकांच्या हातातली शेंग तशीच राहिली. "काय म्हणते ती? परत सांग. तिचाच शब्द सांग."

"उब्बिदे म्हणते. ऊब आहे."

काका उठले तेव्हा मांडीवरचे दाणे अंगणभर उडाले. मला अजून काहीच कळलं नव्हतं. उब्बिदे म्हणजे फुगलंय, हे मला त्यांनी पलंगाकडे धावता धावता ओरडून सांगितलं. त्यांनी शालीतून यंत्र ओढलं आणि अंगणात, धुण्याच्या दगडावर आणलं. रबरबँड काढल्याबरोबर झाकण आपसूक उडालं. आतली बॅटरी टम्म फुगलेली, पुरीसारखी. नेलपॉलिशसारखा गोडसर वास आला.

"काका, फेका ते!" मी किंचाळले.

"स्वल्प थांब. बोर्ड सुटतोय."

आणि त्यांनी नखाने ती बॅटरी बोर्डापासून सोलायला घेतली. आयुष्यभर लोकांना नापास केलेला हा माणूस! दुसऱ्या कुणी असं केलं असतं तर काकांनी त्याच्या मुस्काटात मारली असती. आधी फुस्स झालं, मग पांढरा धूर, आणि मग दिवाळीतल्या झाडासारखा जाळ. त्यांनी तेव्हाही सोडलं नाही. मी बादलीभर पाणी ओतलं तेव्हा कुठे मूठ उघडली, आणि मुठीत बोर्डाचा काळा तुकडा होता. काकू दारात आल्या होत्या, चौकटीला धरून. काका त्यांच्याकडे बघून म्हणाले, "काही नाही. हात स्वल्प भाजला."

उजव्या हाताची तीन बोटं पुन्हा कधी नीट मिटली नाहीत. तारा जोडायचं सोल्डरिंग संपलं, करवत संपली. काकूंनी मात्र सगळा दोष स्वतःकडे घेतला आणि रडून रडून जेवण टाकलं. "मीच ऊब म्हटलं हो. मला मेलीला एक शब्द कळला नाही." काका त्यांच्याजवळ बसले. "तू बरोबर ऐकलंस," ते म्हणाले. "ऊब होतीच ना त्याला? मी मात्र जन्मभर हसत बसलो. हालू म्हणजे दूध, एवढं तरी सांगायला हवं होतं तुला." काकू रडता रडता थांबल्या. "हालू म्हणजे दूध?" त्या म्हणाल्या. मला हसू आलं आणि हुंदकाही आला. दोन्ही एकदम आले, काय करणार?

पुढच्या डायलिसिसला काकू जायला तयारच होईनात. काका म्हणाले, "चल तर खरी. खेळू." त्या सिस्टरने सगळं ऐकलं होतं, ती नियम मोडून काकांना आत घेऊन गेली. काका खुर्चीशी बसले. काकूंच्या मोकळ्या हाताखाली आपला धड उरलेला डावा तळहात ठेवला आणि म्हणाले, "सोडला चेंडू. वर चाललाय. लागला विटेला. खाली येतोय, उजवीकडे, अगदी कडेला." काकूंचा अंगठा त्यांच्या तळहातावर उजवीकडे सरकला. "वाचला!" एवढी वर्षं शेजारी बसून नुसतं बघितलेलं होतं, चेंडू कुठे आपटून कुठे वळणार हे त्यांना पाठ होतं. आणि माणूस असा कडक, की अंगठा उशिरा सरकला तर स्पष्ट म्हणायचे, "चुकला." मग काकू भांडायच्या, "चुकला नाही, लागला! तुम्हाला मोतीबिंदू आहे, तुम्हाला काय दिसतंय?" शेजारच्या खुर्चीतले आजोबा चौकशी करायचे, किती विटा झाल्या. असं करत काकू हिवाळाभर जात राहिल्या.

उन्हाळ्याच्या तोंडाशी डॉक्टरांनी सांगितलं की आता शरीराला डायलिसिस सोसत नाही, घरी न्या. काकांनी मला हे सांगताना स्वल्प हा शब्द वापरला नाही, आणि तेवढ्यावरून मी काय ते समजले. मुलगी अमेरिकेतून निघाली होती, पोचायची होती. दुपारची वेळ, खिडकीतून समोरच्या बांधकामाची धूळ येत होती म्हणून मी पडदा ओढला. काका पलंगाशी बसले होते, तळहात तसाच काकूंच्या हाताखाली. "येतोय. डावीकडे. हां, वाचला. वर गेला. आता स्वल्प उजवीकडे." अंगठा सरकला, थोडासाच. पुढच्या वेळी आणखी थोडा. त्यानंतर सरकला नाही. मी काकूंच्या चेहऱ्याकडे बघितलं, मग छातीकडे, आणि मला कळलं. काकांनाही कळलं असणार, त्यांच्याच तळहातावर तो अंगठा होता.

"डावीकडे येतोय," ते म्हणाले. "वाचला."

मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "काका."

चुकलं की चुकलं म्हणणारा तो माणूस माझ्याकडे न बघता म्हणाला, "थांब की, अक्का. स्वल्प विटा राहिल्यात."